तासांची वाटणी

वाशिम जिल्ह्यातल्या मालेगाव तालुक्यात शिरपूर जैन हे गाव आहे. तिथल्या अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या मंदिरासाठी 1905 मध्ये दिगंबर आणि श्वेतांबर या दोन्ही संप्रदायांनी मिळून पूजेचे वेळापत्रक ठरवले. तीन-तीन तासांच्या पाळ्या, एकाची संपली की दुसऱ्याची सुरू. कागदावर याहून नेटकी वाटणी सापडायची नाही. मूर्ती एकच आणि दिवसाच्या प्रत्येक तासाला धनी नेमून दिलेला.

वेळापत्रक ठरल्यावर थोड्याच वर्षांत मूर्तीवरचा लेप आणि करदोरा यांवरून वाद पेटला. 1910 मध्ये अकोल्याच्या न्यायालयात दावा दाखल झाला आणि त्याचा निकाल लागला 1918 मध्ये. प्रकरण नागपूरच्या ज्युडिशियल कमिशनरच्या कोर्टात गेले, तिथे 1923 उजाडले. मग थेट लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे, 1929 मध्ये. व्यवस्थापन श्वेतांबरांकडे आणि दिगंबरांना वेळापत्रकाप्रमाणे पूजेचा हक्क, असा अखेरच्या निकालाचा गाभा. तेवढ्याने तंटा मिटला नाही. 1981 पासून मंदिराला कुलूप लागले आणि भाविक बंद दाराच्या झरोक्यातून दर्शन घेऊ लागले. 22 फेब्रुवारी 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने कुलूप काढायला परवानगी दिली, मार्चमध्ये 42 वर्षांनी दार उघडले आणि काही दिवसांतच गावात पुन्हा तणाव झाला.

कोणाची बाजू न्याय्य, हा या लेखाचा विषय नाही आणि ते ठरवण्याचा माझा वकूबही नाही. हे प्रकरण आठवले ते वेगळ्या कारणाने. वैयक्तिक कार्यक्षमतेवर सध्या जे लिहिले-बोलले जाते त्याचा सूर गेल्या काही वर्षांत पालटला आहे. आधी सांगत, कमी वेळात जास्त काम उरका. आता पुस्तके, कार्यशाळा आणि मोबाइलवरच्या दीड मिनिटाच्या चित्रफिती सांगतात की आधी जगण्याचा उद्देश शोधा, मग त्याभोवती दिवस बांधा. पहिल्यापेक्षा हा सल्ला शहाणपणाचा आहे, हे मान्य. पण तो जितक्या निर्धास्तपणे दिला जातो तितका निर्धोक नाही. शिरपूरच्या वादात कोणीही आळशी नव्हते आणि कोणीही निरुद्देश नव्हते. उद्देश तर इतका पक्का होता की त्यासाठी तीन पिढ्यांनी वकील लावले. त्या उद्देशाचे हळूहळू तासांच्या, लेपाच्या आणि ताब्याच्या हिशेबात रूपांतर झाले आणि ज्यासाठी तास वाटून घेतले ते दर्शन झरोक्यापुरते उरले. उद्देश मनात असणे पुरेसे असते, या समजुतीला यापेक्षा कडक उत्तर मला तरी माहीत नाही.

हे रूपांतर कसे होते ते पाहायला थोडे मागे, कारखान्यात जावे लागेल. फ्रेडरिक टेलर या अमेरिकी अभियंत्याचे शास्त्रीय व्यवस्थापनावरचे पुस्तक 1911 मध्ये आले. बेथलेहेम पोलाद कारखान्यात लोखंडाच्या लगडी उचलणारा मजूर दिवसाला साडेबारा टन माल चढवत होता, त्याच्याकडून आपण साडेसत्तेचाळीस टन चढवून घेतले, असे टेलर त्यात सांगतो. या आकड्यांवर पुढे अभ्यासकांनी शंका घेतल्या, पण पद्धत जगभर गेली. तिचे मर्म घड्याळात फारसे नाही. काम का आणि कसे करायचे याचा विचार मजुराच्या डोक्यातून काढून वेगळ्या खोलीत बसलेल्या माणसांकडे सोपवला, हे तिचे मर्म. मजुराकडे उरले ते फक्त उचलणे.

हीच पद्धत माणूस स्वतःवर लावतो तेव्हा एकाच देहात मुकादम आणि मजूर असे दोघे राहायला येतात. सकाळी मुकादम वही उघडून यादी करतो, दिवसभर मजूर राबतो, रात्री मुकादम हजेरी घेतो. मुकादमाची एक अडचण आहे. त्याला दिसते तेवढेच तो विचारू शकतो. किती पाने, किती तास, किती पावले, किती दिवसांची अखंड साखळी. आता या मुकादमाच्या हाती तुम्ही 'उद्देश' दिलात तर तो त्याचेही रकाने पाडणार. मुलांसोबत अर्धा तास, ध्यान 10 मिनिटे, कृतज्ञतेच्या तीन ओळी. रकाने भरत जातात आणि माणूस समाधानाने झोपतो. मुलाशी काय बोलणे झाले ते विचारा, आठवत नाही.

वैयक्तिक पातळीवर ही गोष्ट लपून राहते, सरकारी कामात ती उघडी पडते. नीती आयोगाने जानेवारी 2018 मध्ये आकांक्षित जिल्ह्यांचा कार्यक्रम सुरू केला. महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली, उस्मानाबाद आणि वाशिम हे चार जिल्हे त्यात आले. प्रगती मोजायला 49 निर्देशांक ठरले. आरोग्य आणि पोषणाला 30 टक्के भार, शिक्षणाला 30, शेती आणि जलसंपदेला 20, वित्तीय समावेशन व कौशल्याला 10, पायाभूत सुविधांना 10. कोणत्या जिल्ह्याने किती सुधारणा केली याची क्रमवारी महिन्याच्या महिन्याला. वाशिम हा 1998 मध्ये अकोल्यातून वेगळा झालेला जिल्हा. त्याच्याकडे मुंबई-दिल्लीचे लक्ष जावे यासाठी आकड्यांचा उपयोग झालाच, ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. मोजल्याशिवाय कुपोषण दिसत नाही. प्रश्न पुढे येतो. निर्देशांक दिल्लीहून जिल्ह्याला, जिल्ह्याहून तालुक्याला आणि तिथून गावातल्या अंगणवाडी सेविकेच्या हातातल्या फोनवर उतरतो. 2021 मध्ये पोषण ट्रॅकर हे ॲप आले. मुलाचे वजन घ्यायचे, त्याची नोंद करायची, ती नोंद 'सिंक' झाली की नाही ते पाहायचे. रेंज नसेल तर सेविका फोन उंच धरून अंगणात फिरणार. वजन कमी भरले तर त्या मुलाच्या आईशी बोलायला बसायचे, हे खरे काम. पण ते बोलणे फोनवरच्या रकान्यात मावत नाही, म्हणून ते उरलेल्या वेळात. शिक्षकांचे तसेच. शिकवण्याखेरीज इतक्या माहित्या भराव्या लागतात की कोणते काम शैक्षणिक आणि कोणते अशैक्षणिक याचे वर्गीकरण करणारा शासन निर्णय 2024 मध्ये राज्य सरकारलाच काढावा लागला. शिक्षकाचे काम शिकवणेच आहे हे सांगायला शासन निर्णय लागावा, यावर हसावे की काय करावे कळत नाही.

या माणसांनी आपला उद्देश विसरलेला नसतो. सेविकेला मूल जगवायचे आहे, शिक्षकाला वर्गातल्या शेवटच्या बाकावरच्या मुलीला वाचायला शिकवायचे आहे. त्यांच्या हातातले मोजमाप मात्र दुसऱ्याचे आहे आणि दिवस मोजमापाच्या मागे जातो.

आता तालुक्यातालुक्यांत निघालेल्या अभ्यासिकांकडे या. मोठ्या गावांतही त्या आहेत. भिंतीला चिकटवलेले लाकडी कप्पे, वर पंखा, कप्प्यावर कोणीतरी डकवलेला 'रोज 12 तास' असा कागद. स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारी पोरे एकमेकांना विचारतात, 'काल किती झाले?' उत्तर तासांत येते. इतिहासातले काय कळले, अर्थशास्त्रातले कुठे अडले, हे क्वचित. बारा तास बसणे सोपे नाही, त्याला चिकाटी लागते आणि तिचा मला आदर आहे. पण मोजले जाते ते बसणे. अधिकारी व्हायचे कशासाठी, हा प्रश्न थेट मुलाखतीच्या तयारीत भेटतो आणि तिथे त्याचे उत्तर क्लासच्या टिपणातून पाठ केले जाते. समाजसेवा, ग्रामीण पार्श्वभूमी, बदल घडवण्याची इच्छा. उद्देशसुद्धा अभ्यासक्रमाचा एक घटक झाला, त्यालाही गुण आहेत. पाचव्या-सहाव्या प्रयत्नानंतर ज्याला कप्पा सोडावा लागतो त्याच्या हाती त्या हजारो तासांपैकी काय उरते, ही चिंता कुठल्याही वेळापत्रकात नसते.

शिरपूरच्या मूर्तीची आख्यायिका इथे आठवते. तिची रूपे अनेक आहेत. एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, राजाला तळ्याच्या पाण्याने रोगातून गुण येतो, तिथे पार्श्वनाथाची मूर्ती मिळते. ती घेऊन जा, पण मागे वळून पाहू नकोस, असा त्याला दृष्टांत होतो. वाटेत राजाला शंका येते, गाडीत मूर्ती खरोखर येते आहे ना? तो वळून पाहतो आणि मूर्ती जिथल्या तिथे अधांतरी राहते. सांगणारे याला श्रद्धेची कथा म्हणतात. मला ती दर तासाला आपली प्रगती उघडून पाहणाऱ्या माणसाचीही वाटते. काम चालू असताना ते किती झाले हे पाहणे हे वेगळेच काम आहे आणि ते पहिल्या कामाच्या पोटातून वेळ काढते.

शेतीकडे वळले की हा गुंता आणखी आवळतो, कारण उत्पादकता या शब्दाचे खरे माहेर तिथले. वाशिम हा सोयाबीनचा जिल्हा. जूनमध्ये पाऊस झाला की पेरणी, तुरीचे तास सोडून. ऑक्टोबरच्या आसपास सोंगणी, मळणी, कुटार बाजूला. त्यानंतर पारावर आणि बाजार समितीच्या आवारात प्रश्न एकच, एकरी किती झाले? हा आकडा वाढावा म्हणून बियाणे, खते, तणनाशके, फवारण्या वाढत गेल्या. 2024-25 च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 4,892 रुपये होता आणि बाजारात दर त्याखाली राहिले. सरकारी खरेदीत ओलाव्याची अट 12 टक्क्यांची, ती नोव्हेंबर 2024 मध्ये 15 टक्क्यांपर्यंत सैल करावी लागली. 2025-26 साठी हमीभाव 5,328 रुपये झाला. ज्याने एकरी दोन पोती जास्त काढली त्याच्या हातात दोन पोत्यांचा नफा पडलाच असे नाही, कारण त्या पोत्यांपायी झालेला खर्च कोणी विचारत नाही आणि सगळ्यांची पोती वाढली की दर कोणाच्या हातात राहत नाही. एकरी उत्पादन हा देशाच्या तेलबियांच्या गणितासाठी योग्य प्रश्न असेल. घर चालवणाऱ्याचा प्रश्न, वर्षाअखेर उसने किती राहिले, हा आहे. दुसऱ्याच्या उद्देशाचे माप आपल्या शिवारात घेऊन फिरण्याची सवय आपल्याला फार आधीपासून आहे. वैयक्तिक कार्यक्षमतेची वही ही त्याचीच शहरी आवृत्ती.

मग मोजूच नये? तसे म्हणणे सोपे आहे आणि चूक आहे. विदर्भातलेच उदाहरण. वर्ध्याजवळ नालवाडीला विनोबा भावे तासन् तास सूत कातत आणि सुताचा हिशेब काटेकोर ठेवत. त्या हिशेबामागे प्रश्न होता: कातणाऱ्या बाईला मिळणाऱ्या मजुरीत माणूस जगू शकतो का? तो त्यांनी स्वतःच्या पोटावर तपासला. आकडा तिथे प्रश्नाचा नोकर होता. उत्तर मिळाले की मजुरीचे दर बदला असे म्हणता येत होते. आपल्या वहीतल्या आकड्यांमागे असा कोणता प्रश्न आहे, हे स्वतःला विचारले तर बहुतेक रकाने गप्प बसतात.

शिरपूरचा वाद ज्या परंपरेतला, तिच्याच घरात या विषयावर फार बारकाईचा विचार पडून आहे. तत्त्वार्थसूत्र हा ग्रंथ पाठभेदांसह दोन्ही संप्रदायांना मान्य आहे. त्यात श्रावकाने, म्हणजे संसारी माणसाने, घ्यायच्या व्रतांमध्ये एक आहे अनर्थदंडविरती. निष्प्रयोजन कृतीपासून दूर राहणे. आचार्य समंतभद्रांच्या रत्नकरंड श्रावकाचार या ग्रंथात अशा कृतींचे पाच प्रकार सांगितले आहेत. दुसऱ्याचे वाईट चिंतत बसणे, पापाचा सल्ला देणे, हिंसेची साधने पुरवणे, मन कलुषित करणारे ऐकत राहणे आणि प्रमादचर्या, म्हणजे विनाकारण माती खणणे, पाणी सांडणे, झाडे तोडणे, उगाच फिरणे आणि दुसऱ्यांना फिरवणे. या व्रतात घडणाऱ्या दोषांचीही यादी आहे. त्यात वायफळ बडबड येते, गरजेचा विचार न करता काम वाढवत नेणे येते आणि वापरापेक्षा जास्त गोळा करणेही येते. यातल्या जवळपास प्रत्येक गोष्टीचा आजचा अवतार आपल्या खिशातल्या फोनमध्ये आहे, पण तो सोपा विनोद बाजूला ठेवू.

मला महत्त्वाचे वाटते ते या व्रताचे वळण. ते माणसाला भव्य उद्देश शोधायला लावत नाही. जीवनध्येय काय, असे विचारत नाही. ते फक्त म्हणते, ज्या कृतीला प्रयोजन नाही ती सोड, कारण तिने कोणाला तरी इजा होते. कार्यक्षमतेचे आजचे शास्त्र काय करायचे ते सांगते. हे व्रत काय थांबवायचे ते सांगते आणि दोष मोजायचे तर वायफळ खर्चाचे मोजायला लावते. सामायिक या जैन साधनेचेही तसेच. दोन घटका, म्हणजे 48 मिनिटे, एका जागी बसायचे, तेवढ्यापुरते सदोष व्यवहार सोडल्याचे आधी उच्चारायचे, नंतर त्यात काय चुकले ते आठवायचे. या 48 मिनिटांत काहीच निर्माण होत नाही. दोषांमध्ये मन भरकटणे आहे तसे अनादरही आहे, म्हणजे कसेबसे उरकून टाकणे. आपण सामायिकात आहोत हेच विसरणे हाही दोष धरला आहे. उरकण्याला दोष मानणारी दुसरी वेळव्यवस्था माझ्या पाहण्यात नाही.

अर्थात परंपरेत विचार असणे आणि तो पाळला जाणे यांत अंतर असते. सामायिकांचीही संख्या मोजली जाते, उपवासांचे आकडे पत्रिकांवर छापले जातात. आणि हे व्रत ज्या गावात दोन्ही बाजूंच्या मुलांना शिकवले जात असेल, त्याच गावात मंदिराला कुलूप लागले. म्हणून या व्रताला रामबाण म्हणून विकणाऱ्यांपासूनही सावध राहायला हवे. कोणी तरी 'अनर्थदंड ॲप' काढेल आणि आपण त्यातही साखळ्या जपू.

तरीही एक व्यवहार्य धागा हाती लागतो. हेतू धरायचा तर छोटा आणि मुदतीचा धरावा. आयुष्याचा उद्देश असे म्हटले की तो लगेच अभिमानाचा विषय होतो, मग त्याचे रक्षण करावे लागते, आणि रक्षण करता करता तो ताब्याची गोष्ट बनतो. आज दुपारपर्यंत हे काम याच्यासाठी, असे म्हटले तर दुपारी ते संपते. संपल्यावर ते कोणाच्या उपयोगी पडले हे विचारता येते आणि पडले नसेल तर उद्या बदलता येते. नोकरी करणाऱ्याला, शेतकऱ्याला, अभ्यासिकेतल्या मुलाला हे जमण्यासारखे आहे. वर्षातून एकदा संकल्प सोडण्यापेक्षा याला श्रेय कमी मिळते, म्हणून लोक ते करत नाहीत असा माझा अंदाज.

या सगळ्या चर्चेत एक माणूस बाहेरच राहतो. ज्याचा दिवस स्वतःच्या हातात आहे त्यालाच उद्देशाभोवती दिवस बांधा हे सांगता येते. सोंगणीच्या दिवसांत बाया रोजाने जातात किंवा गुत्त्याने, म्हणजे ठेक्याने. रोजाने असतील तर कितीही झपाट्याने हात चालवला तरी संध्याकाळपर्यंत शेतातच. गुत्त्याने एकर घेतला तर त्या अंधारातच येतात, भराभर कापतात, दुपारनंतर मोकळ्या होतात. त्यांची उत्पादकता कोणत्याही व्यवस्थापनतज्ज्ञाला लाजवेल आणि घाई कशासाठी हेही त्यांना पक्के माहीत असते. पण वाचलेले दोन तास त्यांचे नसतात. घरी पाणी, चूल, जनावरे आणि म्हातारी सासू असते. कामाचे नियोजन किती चांगले केले यावर अशा बाईचा मोकळा वेळ ठरत नाही, घरातल्या बाकीच्यांनी काय उचलले यावर ठरतो. तिला उद्देश शोधायला सांगण्याआधी पाण्याचा हंडा कोणीतरी दुसऱ्याने भरायला हवा.

आणि त्याच घरातला मुलगा गावातल्या अभ्यासिकेत बसलेला असू शकतो. त्याचे ताट वेळेवर वाढले जाते, कपडे धुतलेले मिळतात, फीचे पैसे त्या गुत्त्यातून जातात. त्याने वहीत लिहिलेल्या बारा तासांत आईचे आणि बहिणीचे बरेच तास आहेत. त्याने आपला दिवस नव्याने मांडायला घेतला, तर सुरुवात तिथून करावी. कोणाचे किती तास आपण वापरतो हे लिहावे, आणि त्यातले थोडे या आठवड्यातच परत करता येतील का ते पाहावे.